सतरा रुग्णांनंतर : श्रीलंकेतल्या हिवतापाचा प्रकरण अभ्यास

१९६३ साली सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, हिवतापाचे रुग्ण सापडले फक्त १७. वर्षभरात, अख्ख्या देशात. त्यातले ११ बाहेरून आजार घेऊन आलेले होते. देशातच लागण झालेले उरले ६. याच बेटावर १९४६ मध्ये सुमारे २८ लाख रुग्णांची नोंद झाली होती. इथपर्यंतची गोष्ट कौतुकाची. पण १९६९ साली नोंदलेले रुग्ण पाच लाखांच्या वर गेले आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं हा देश तीच लढाई पुन्हा पहिल्यापासून लढत राहिला.

हिवतापाचा प्रतिबंध म्हटलं की मच्छरदाणी, फवारणी, साचलेलं पाणी ही यादी आपल्याला शाळेपासून पाठ असते. यादी चुकीची नाही. मात्र यादीतलं बहुतेक सगळं करूनही एक देश हरतो आणि नंतर तोच देश जवळपास त्याच साधनांनी जिंकतो, तेव्हा फरक कुठे पडला हे तपासता येतं. म्हणून हे प्रकरण निवडलं.

पाऊस पडला नाही म्हणून आलेली साथ

सुरुवात १९३४ पासून करावी लागते, कारण या बेटावरचा हिवताप कसा चालतो ते त्या साथीत उघड झालं.

श्रीलंकेचे ढोबळ दोन भाग आहेत. नैर्ऋत्येकडचा ओला पट्टा आणि उरलेला मोठा कोरडा पट्टा. हिवताप कोरड्या पट्ट्यातला, दरवर्षीचा. तिथली माणसं लहानपणापासून तापाने फणफणत, पोरांच्या पांथऱ्या (प्लीहा) वाढलेल्या असत, पण जगली-वाचली त्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती मुरलेली असे. ओल्या पट्ट्यात मात्र आजार कमी. तिथे पाऊस भरपूर, नद्या दुथडी वाहत्या. रोग पसरवणारी मुख्य डासजात ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस. तिला अंडी घालायला स्वच्छ, उन्हातलं, संथ पाणी लागतं. वाहत्या नदीत तिच्या अळ्या धुऊन जातात.

१९३४ मध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस दगा देऊन गेला. नद्या आटल्या आणि वाळूच्या पात्रांत ठिकठिकाणी डबकी उरली. स्वच्छ, उन्हातली, संथ. क्युलिसिफेसीसला याहून सोयीचं काय हवं होतं? त्या वर्षाच्या अखेरीस साथ उसळली ती नदीकाठच्या गावांतून, केगल्ला आणि कुरुनेगला या भागांत सर्वांत जोरात. तिथल्या लोकांच्या अंगात हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती जवळजवळ नव्हती. त्यात मंदीचा काळ, पिकं बुडालेली, पोटं खपाटीला गेलेली. सात महिन्यांत सुमारे ८० हजार माणसं गेली, तीही साधारण ५५ लाख वस्तीच्या देशात. सूर्य मल या ब्रिटिश राजवटीविरोधी चळवळीतले तरुण कार्यकर्ते क्विनाइन आणि खाण्याच्या वस्तू घेऊन गावोगाव हिंडले. पण क्विनाइन आजाऱ्याला दिलं जातं. नदीपात्रातल्या डबक्यांवर त्याचा काय परिणाम होणार?

पाऊस वाढला की डास वाढतात आणि डास वाढले की हिवताप, हे आपलं सरधोपट गणित इथे उलटं पडलं. शिवाय कुठलंही साचलेलं पाणी हिवतापाचं नसतं. गटारातल्या घाण पाण्यात वाढतात ते बहुतेक क्युलेक्स. त्यांच्या चावण्याने झोपमोड होते, हिवताप होत नाही. गावभर गटारं साफ करून हिवतापाशी लढल्याचं समाधान मानणारी मोहीम म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आपल्या भागात कुठली जात आहे, ती कुठल्या पाण्यात वाढते, किती वाजता चावते आणि चावल्यावर कुठे बसते, हे आधी माहीत असावं लागतं.

भिंतीवर बसलेली मादी

शेवटचा प्रश्न, ती चावल्यावर कुठे बसते, हा १९४५-४६ पासून निर्णायक ठरला. त्या सुमारास घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली.

रक्त पिऊन झालेली मादी जड झालेली असते, तिला फार उडवत नाही. ती जवळच्या भिंतीवर टेकते आणि रक्तातलं जादा पाणी तिथेच बाहेर टाकत बसते. भिंतीवर औषधाचा थर असेल तर पायांवाटे ते तिच्या अंगात शिरतं. म्हणजे फवारणीने आज रात्रीचा चावा टळत नाही. चावून झाल्यावर डास मरतो. मग फायदा काय, असं कोणीही विचारेल.

फायदा दिवसांच्या हिशेबात आहे. रुग्णाच्या रक्तातून हिवतापाचा सूक्ष्म परजीवी डासाच्या पोटात गेला तरी तो डास लगेच रोग देऊ शकत नाही. परजीवी पोटाच्या भिंतीत वाढून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला उष्ण हवेत साधारण दहा ते बारा दिवस लागतात. तोवर डास जगला पाहिजे. रोज शंभरातले वीस डास मरतात असं धरलं, तर बारा दिवसांनी शंभरातले सातेक उरतात. रोज निम्मे मरू लागले, तर बारा दिवसांनी चार हजारांत एखादा उरतो. डासांची संख्या डोळ्यांना फारशी घटलेली दिसणारही नाही, पण रोग देण्याइतकं म्हातारपण गाठणारा डास दुर्मीळ होतो. ब्रिटिश हिवतापतज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी १९५० च्या दशकात हे गणित मांडलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्ये सुरू केलेली जगभरची निर्मूलन मोहीम याच पायावर उभी राहिली.

श्रीलंकेत परिणाम झपाट्याने दिसला. १९४६ ते १९४७ या एका वर्षात देशाचा मृत्युदर हजारी २० वरून १४ च्या आसपास आला. यातलं श्रेय डीडीटीचं किती आणि सुधारलेल्या अन्नाचं, दवाखान्यांचं किती, यावर लोकसंख्याशास्त्रज्ञ पुढे बराच काळ भांडले. सगळं श्रेय एकट्या डीडीटीला देणं मलाही पटत नाही. पण हिवताप ओसरला तो मुख्यतः भिंतींवरच्या त्या थरामुळे, यात शंका घेण्याजोगं फार नाही.

फवारणी थांबली

१९६३-६४ मध्ये फवारणी मागे घेतली. हा निर्णय आज मूर्खपणाचा वाटतो, तेव्हा तो नियमाला धरूनच होता. निर्मूलनाच्या आराखड्यात टप्पे ठरलेले होते : आधी सरसकट फवारणीचा हल्ला, मग रुग्ण नगण्य झाले की फवारणी बंद आणि तिच्या जागी देखरेख. ताप आलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, परजीवी सापडला की त्याला आणि आजूबाजूच्यांना औषध द्यायचं. सतरा रुग्णांच्या देशात वर्षानुवर्षं घरोघरी विषारी भुकटी मारत राहणं कोणालाच परवडणारं नव्हतं, आणि गरजेचंही वाटत नव्हतं.

सगळा भार आता देखरेखीवर आला, आणि देखरेख म्हणजे शेवटी काचपट्टी. बोटाला सुई टोचून एक थेंब काचेवर घ्यायचा, तो जाडसर पसरवायचा, वाळवायचा, गिम्सा रंगात बुडवायचा. पाण्याने तांबड्या पेशी फुटून जातात आणि उरतात पांढऱ्या पेशी, रक्तबिंबिका आणि असलाच तर परजीवी : निळसर जीवद्रव्य, त्यात लाल ठिपका. तंत्रज्ञाने तेलभिंगाखाली निदान शंभर क्षेत्रं बघायची आणि मग ‘नाही’ असं लिहायचं. दिवसभर पट्ट्या बघायच्या आणि आठवडेच्या आठवडे एकही परजीवी दिसत नाही. नजर सैलावते. वरच्यांना वाटतं, एवढ्या पट्ट्या तपासून मिळतंय काय? पैसा दुसरीकडे वळतो, माणसंही. हिवताप कमी झाला की त्याच्याशी लढणारी यंत्रणा पहिल्यांदा पातळ होते. हे श्रीलंकेपुरतं नाही. भारतातही १९६१ मध्ये रुग्ण ५० हजारांच्या खाली गेले होते, १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर पोहोचले.

श्रीलंकेचे पुढचे आकडे असे : १९६४ मध्ये १५०, १९६५ मध्ये ३०८, १९६६ मध्ये ४९९, १९६७ मध्ये ३,४६६. दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, चार लाखांहून अधिक.

पहिले तीन आकडे पुन्हा बघा. कोटीभर वस्तीच्या देशात तीनशे रुग्ण म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्याला दोष देणं अवघड आहे. पण एका वर्षात नऊपट, मग दुप्पट, मग दीडपटीहून जास्त, मग सातपट. आकडा लहान होता, वाढीचा वेग लहान नव्हता. क्युलिसिफेसीस कुठेही गेली नव्हती, नद्यांची पात्रं तिथेच होती, आणि फवारणीच्या वर्षांत जन्मलेली एक अख्खी पिढी प्रतिकारशक्तीविना वाढली होती. रुग्णसंख्या खाली आली म्हणजे धोका खाली आला, हे तिथे गृहीत धरलं गेलं. रुग्णसंख्या काल काय घडलं ते सांगते. उद्या काय होऊ शकतं ते डास, पाणी आणि माणसांची ये-जा सांगते. माझ्या मते या प्रकरणातली मूळ चूक हीच. फवारणी थांबवणं ही चूक नव्हती.

ये-जा सुरू झाली रत्नांमुळे. कोरड्या पट्ट्यातल्या एलाहेरा भागात रत्नं मिळतात म्हणून देशभरातून माणसं खोदायला येत. खड्डे खणायचे, त्यांत पाणी साचायचं, रात्री उघड्या झोपड्यांत झोपायचं, आणि ताप आला की गावी परतायचं. याहून चांगली वितरण व्यवस्था हिवतापाला कोणी मुद्दाम उभारूनही दिली नसती. त्यातच कोरडं हवामान आलं आणि नदीपात्रांत पुन्हा डबकी झाली.

आणखी एक गोष्ट परजीवीच्या स्वभावाची. हिवतापाच्या परजीवीच्या दोन मुख्य जाती इथे महत्त्वाच्या : व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम. या साथीतले बहुतेक रुग्ण प्लाझमोडियम व्हायवॅक्सचे होते. फॅल्सिपेरम जीव घेतो, तर व्हायवॅक्स दबा धरून बसतो. रक्तातला परजीवी क्लोरोक्विनने मरतो, तीन दिवसांत ताप उतरतो, माणूस कामाला लागतो. पण त्याच्या यकृतात काही परजीवी निद्रिस्त असतात. ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात आणि नव्याने डास न चावताही पुन्हा हिव भरतं. शिवाय व्हायवॅक्सची लिंगपेशी अवस्था, म्हणजे डासाला लागण करणारं रूप, रक्तात फार लवकर येते. ताप येऊन रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो डासांना परजीवी देऊही लागलेला असतो. फॅल्सिपेरममध्ये ही अवस्था यायला साधारण दहा दिवस लागतात, तेवढ्यात औषध पोहोचवता येतं. म्हणून व्हायवॅक्सच्या प्रदेशात निदानाला आठवड्याचा उशीर झाला तर पुढची साखळी चालू झालेली असते.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा. डीडीटीवर बंदी घातली म्हणून श्रीलंकेत हिवताप परतला आणि माणसं मेली, ही कथा पर्यावरणवाद्यांना झोडपण्यासाठी अजून फिरते. तारखा तिला साथ देत नाहीत. फवारणी थांबली १९६३-६४ मध्ये, रुग्ण संपत आले म्हणून. अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली १९७२ मध्ये. साथ आल्यावर श्रीलंकेने डीडीटी पुन्हा वापरलंच, पण तोवर डास त्याला दाद देईनासे झाले होते, आणि सत्तरच्या दशकात मॅलाथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाकडे वळावं लागलं.

मधली वर्षं

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. १९८०च्या दशकात महावेली नदीवरच्या प्रकल्पात धरणं-कालवे झाले आणि ओल्या पट्ट्यातली, प्रतिकारशक्ती नसलेली कुटुंबं कोरड्या पट्ट्यात वसवली गेली. १९८७ मध्ये रुग्ण पावणेसात लाखांच्या वर गेले. १९८३ पासून यादवी युद्ध चालूच होतं. १९९९ मध्येही अडीच लाखांहून अधिक रुग्ण होते. इथवर पाहिलं तर या देशाकडून फार आशा धरावी असं काही दिसत नाही.

दुसरी चढाई

आणि मग बारा-तेरा वर्षांत स्थानिक रुग्ण शून्यावर आले. २००० मध्ये दोन लाखांवर असलेले रुग्ण २००३ मध्ये सुमारे १० हजारांवर, २००६ मध्ये सहाशेच्या आत.

यात नवं जादूचं औषध काही नव्हतं. फवारणी होती, पण सरसकट नाही. कुठे डास वाढतायत, कुठे रुग्ण आहेत ते बघून निवडक ठिकाणी, आणि कीटकनाशकांचे गट आलटून-पालटून, म्हणजे डासांना एकाच औषधाची सवय लागू नये. मच्छरदाण्या आल्या त्या कीटकनाशक भारित आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या. अशी मच्छरदाणी आत झोपलेल्याला वाचवते आणि जाळीवर टेकलेला डासही मारते, त्यामुळे पुरेशा घरांत ती लागली की शेजारच्या बिनजाळीच्या घरालाही थोडं संरक्षण मिळतं. अळ्या असलेल्या पाण्यात मासे सोडले गेले. हे सगळं १९६०च्या दशकातल्या साधनांचीच सुधारलेली रूपं.

खरा बदल होता रुग्ण शोधण्यात. रुग्ण दवाखान्यात यायची वाट न बघता फिरती पथकं त्याच्यापर्यंत गेली : दुर्गम वस्त्या, खाणकामगारांचे तळ, विस्थापितांच्या छावण्या, सैनिकी तळ. ताप असो वा नसो, रक्त घ्यायचं. एक रुग्ण सापडला की त्याच्या घराभोवतीच्या सगळ्यांची तपासणी आणि त्या परिसरातल्या डासांचीही. युद्धात शस्त्रं एकमेकांवर रोखलेल्या दोन्ही बाजूंनी बहुतेक वेळा फवारणीला आणि औषधांना वाट दिली. डास बाजू बघून चावत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

व्हायवॅक्सच्या प्रत्येक रुग्णाला १४ दिवसांचं प्रायमाक्विन पूर्ण करवणं हाही याच कामाचा भाग. यकृतातल्या निद्रिस्त परजीवींवर चालणारं हे औषध. रुग्णांची गफलत नेमकी इथे होते : तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असतो, मग उरलेल्या गोळ्या कशाला? गर्भवतींना आणि अगदी लहान बाळांना हे औषध देत नाहीत. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, म्हणून आधी ती चाचणी करणं शहाणपणाचं. लघवी गडद झाली, दम लागला तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे. पण कसलंही कारण नसताना सहाव्या दिवशी गोळ्या सोडणारा माणूस दोन महिन्यांनी पुन्हा तापतो, आणि तोवर आसपासच्या डासांनाही परजीवी देतो.

डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा छावण्यांत हिवताप पेटणार अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली. पेटला नाही. रक्तात परजीवी असलेली माणसंच इतकी कमी उरली होती की डासांना उचलायला फारसं काही नव्हतं.

युद्ध २००९ मध्ये संपलं, त्याच सुमारास देशाने नियंत्रण सोडून दूरीकरणाचं, म्हणजे देशातली लागण पूर्ण थांबवण्याचं, उद्दिष्ट घेतलं. शेवटच्या वर्षांत रुग्ण कोण होते ते बोलकं आहे. पूर्वी मुलं आणि गर्भवती जास्त आजारी पडत. आता उरले मुख्यतः तरुण पुरुष : सैनिक, जंगलात जाणारे, रत्न शोधणारे. मोहिमेची पद्धतही त्यानुसार बदलावी लागली, कारण घरातली मच्छरदाणी जंगलात रात्र काढणाऱ्याच्या उपयोगाची नाही. स्थानिक लागणीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये सापडला. सलग तीन वर्षं एकही स्थानिक रुग्ण नसला की प्रमाणपत्राचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्ये श्रीलंकेला हिवतापमुक्त जाहीर केलं.

शून्यानंतर

१९६३ आणि २०१६ यांत तुलना करायची तर प्रमाणपत्रानंतर काय झालं ते बघायचं. दरवर्षी बाहेरून हिवताप घेऊन येणारे काही डझन रुग्ण सापडतातच : भारतातून, आफ्रिकेतून परतणारे प्रवासी, कामगार, शांतिसेनेतले सैनिक. त्यांच्यासाठी तपासणी आणि औषधं मोफत आहेत. हिवतापाच्या देशात जाणाऱ्यांना प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. त्या जाण्याआधी सुरू करून परतल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या असतात. त्या घेऊनही प्रवासानंतर ताप आला तर रक्त तपासावंच लागतं.

इथे अडचण डॉक्टरांचीही आहे. ज्या तरुण डॉक्टरने शिकताना हिवतापाचा एकही रुग्ण पाहिला नाही, तो थंडी वाजून ताप आलेल्या माणसाला आधी डेंगीच म्हणणार. त्यात फॅल्सिपेरम असला आणि तीन-चार दिवस हातचे गेले, तर मेंदू किंवा मूत्रपिंडांपर्यंत गोष्ट जाते. म्हणून गेल्या काही महिन्यांत कुठे प्रवास केलात, हा प्रश्न प्रत्येक तापाच्या रुग्णाला विचारण्याचा आग्रह तिथली हिवताप मोहीम धरत असते.

२०१८ च्या अखेरीस मोनरागला जिल्ह्यात परीक्षा झाली. परदेशातून आलेल्या एका कामगाराच्या अंगात व्हायवॅक्स होता. स्थानिक डासामार्फत त्याची लागण तिथल्याच एका माणसाला झाली. सहा वर्षांतली देशातली ही पहिली लागण. दोघांवर उपचार झाले, परिसरातल्या लोकांची रक्त तपासणी आणि डासांवरची कारवाई लगोलग झाली, आणि साखळी तिथेच तुटली. असाच एक रुग्ण १९६४ मध्ये दीडशेतला एक म्हणून कागदावर गेला होता.

नवी काळजी आहे मन्नारची. या वायव्येकडच्या बेटावर २०१६-१७ च्या सुमारास ॲनोफिलिस स्टीफेन्सी सापडली. श्रीलंकेत ती आधी नव्हती. भारतीय शहरांतली ही जुनी ओळखीची : गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामावरचं साठवलेलं पाणी तिला चालतं. म्हणजे नदीपात्रातल्या डबक्यांवर बेतलेली सगळी पद्धत तिच्यापुढे अपुरी आहे. विहिरींना जाळी, टाक्यांना घट्ट झाकण, आठवड्यातून एकदा पाणी उपसून भांडी कोरडी करणं, विहिरीत अळ्या खाणारे मासे, अशी कामं तिथे लागतात. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे महिन्यातून एकदा टाकी बघून भागत नाही. रुग्ण शून्य असतानाही कीटकशास्त्राची पथकं तिथल्या विहिरींतून अळ्या गोळा करतात आणि कुठली विहीर पुन्हा भरली त्याची नोंद ठेवतात.